गाडीचा आवाज आणि जॉबकार्डाची प्रत

बारामती–इंदापूर भागात आपले बागवान, आतार, तांबोळी बंधू टेम्पोत माल भरून आठवडे बाजार करतात. नव्या गाडीत खडखड सुरू झाली की सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या लागतात. तेथे गाडी रिकामी, उभी तपासली जाते आणि ‘आवाज नाही’ म्हणून परत मिळते. बाजाराचा दिवस मात्र बुडतो.

आमची सूचना अशी, की आधी आवाज ओळखावा. खड्ड्यात खडखडल्यास पाटे, बुश व शॉकॲब्सॉर्बर, वेगाबरोबर घरघर वाढल्यास चाकाचे बेअरिंग, क्लच सोडताना ‘टक्’ झाल्यास प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासून घ्यावा. मेकॅनिकला शेजारी बसवून भरलेली गाडी चालवून दाखवावी. आवाज किती वेगाला, किती वजनावर येतो, हे जॉबकार्डावर लिहवून प्रत्येक फेरीची प्रत जपावी. मुदतीची देणी लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. तीच शिस्त येथेही कामी येते.

वॉरंटीत दोष निघाला नाही, तर हेच कागद पुरावा ठरतात. ‘गाडी धंद्याची आहे’ या उत्तराने गप्प बसू नये. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या गाडीचा मालक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे. विक्रेता सोलापूरचा असला तरी इंदापूरचा रहिवासी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. मुदत २ वर्षांची असते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी लागत नाही. म्हणून कागद पहिल्या फेरीपासूनच करावा.