रहस्यकथा वाचाव्या, पण कोणत्या?

विद्यार्थ्याच्या हातीं भूगोलाचें पुस्तक असावें, तासभर त्याची मान वर होऊं नये, आणि कौतुकानें जवळ जाऊन पाहावें तों भूगोलाच्या आड गुप्तहेराची कादंबरी निघावी, हा अनुभव शिक्षकांस व पालकांस नवा नाहीं. अशा वेळीं पुस्तक जप्त करण्याची रीतिही जुनीच आहे. आजच्या विद्यार्थ्यांच्या आजोबा-पणजोबांनीं बाबूराव अर्नाळकरांचे 'झुंजार' आणि 'काळा पहाड' असेच आडून वाचले. अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक कथा लिहून कितीतरी साध्या माणसांस वाचनाची गोडी लाविली, हें त्यांचें ऋण मान्य केलें पाहिजे. मग त्या कथांत धांवपळ फार आणि विचारास अवसर थोडा असला तरी असो. सारांश, रहस्यकथा वाचावी कीं वाचूं नये, हा वाद वाचकांनींच कधींचा निकालांत काढिला आहे. प्रश्न उरतो तो निवडीचा, आणि त्याकडे मात्र फारसें कोणी लक्ष देत नाहीं. म्हणून तेरा ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठीं कांहीं पुस्तकांची शिफारस येथें करीत आहें. कोणत्याही कादंबरीचा शेवट मी सांगणार नाहीं, तेव्हां वाचकांनीं निर्धास्त असावें.

चांगल्या रहस्यकथेची पहिली खूण ही कीं, ती वाचकाशीं सचोटीनें वागते. रोनाल्ड नॉक्स नांवाचे एक इंग्रज धर्मगुरु स्वतः अशा कादंबऱ्या लिहीत असत. त्यांनीं १९२९ सालीं या प्रकारच्या लेखनासाठीं दहा नियम सांगितले. गुप्तहेरास सांपडलेला प्रत्येक धागा वाचकासमोर मांडलाच पाहिजे, आणि कोडें सोडविण्यासाठीं भूतपिशाच किंवा चमत्कार आणतां कामा नये, असे त्यांतील दोन नियम आहेत. नॉक्सनीं ते अर्धवट थट्टेनेंच लिहिले. तथापि पुस्तक पारखण्यास हे दोन पुरेसे आहेत. दुसरी खूण माझ्या मतें अधिक मोलाची आहे. वर्गांत कोणाचे फीचे पैसे नाहींसे झाले, कीं पहिली नजर कोणाकडे वळते ? ज्याचा सदरा मळका आहे त्याच्याकडे, किंवा ज्यास मागें एकदां शिक्षा झाली आहे त्याच्याकडे. चांगला रहस्यकथाकार नेमकी हीच पहिली नजर पकडतो आणि ती किती उतावळी होती हें शेवटीं दाखवून देतो. गुन्हेगार सांपडणें हा त्याच्या कथेचा अर्धाच भाग. निरपराध मनुष्य सुटणें हा उरलेला अर्धा.

लहान वाचकांनीं आरंभ एरिक केस्टनर या जर्मन लेखकाच्या 'एमिल अँड द डिटेक्टिव्हज्' या १९२९ सालच्या कादंबरीपासून करावा. एमिलची आई विधवा. घरींच बायकांचे केस धुऊन देऊन ती संसार चालविते. आजीस देण्यासाठीं आणि स्वतःच्या खर्चासाठीं मिळून एकशें चाळीस मार्क ती मुलाच्या हवालीं करिते आणि त्यास बर्लिनच्या गाडींत बसविते. गाडींत एमिलचा डोळा लागतो. जाग येते तों पैसेही नाहींत आणि समोरचे गृहस्थही नाहींत. त्यानें पोलिसांकडे कां जाऊं नये ? कारण गांवांतील एका पुतळ्यास त्यानें खडूनें मिशा काढिल्या व नाक तांबडें केलें आहे, आणि पोलीस आपणांसच धरतील अशी त्यास धास्ती आहे. मनांत लहानसा अपराध सलत असला, कीं मोठ्या अन्यायाची दाद मागावयासही मूल भितें, हें केस्टनरनें किती सहज दाखविलें आहे ! पुढें बर्लिनचीं अनोळखी मुलें एमिलच्या मदतीस धांवतात. त्यांनीं वाटून घेतलेलीं कामें पाहावीं. फोनपाशीं बसून राहण्याचें कंटाळवाणें काम ज्याच्या वांट्यास येतें तो लहानगा तर माझ्या विशेष आवडीचा. आतां नोटांवर कोणाचें नांव नसतें; मग त्या आपल्याच, हें एमिलनें सिद्ध करावें कसें ? उत्तर पुस्तकाच्या आरंभींच उघड्यावर ठेविलेलें आहे.

मराठींत या वयासाठीं भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आहेच. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या शाळेंत शिकतो, सायकलीवरून वाऱ्यासारखा धांवतो, आणि जेथें जातो तेथें कांहींतरी भानगड उपटते. यांत रहस्यापेक्षां साहस अधिक. पण भाषा इतकी चपळ आहे कीं, पुस्तकांचा कंटाळा करणाऱ्या मुलास प्रथम तेंच द्यावें. त्याच्या पुढची पायरी म्हणजे सत्यजित राय यांचा फेलूदा. रायांच्या आजोबांनीं १९१३ मध्यें 'संदेश' हें मुलांचें बंगाली मासिक काढिलें होतें. मध्यंतरीं तें बंद पडलें, रायांनीं १९६१ मध्यें तें पुन्हां सुरू केलें, आणि १९६५ पासून त्यांतच फेलूदा अवतरला. कथा मुलांच्या मासिकासाठीं लिहावयाच्या, म्हणून बीभत्स कांहीं घालावयाचें नाहीं, हें बंधन रायांनीं पाळलें. आणि त्यामुळें कथेचें कांहींएक बिघडलें नाहीं. 'सोनार केल्ला' प्रथम घ्यावी. पूर्वजन्मींचा सोन्याचा किल्ला आठवतो असें म्हणणारा एक लहान मुलगा, आणि त्याच्या पाठोपाठ कलकत्त्यापासून राजस्थानपर्यंतचा प्रवास ! वाटेंत जटायु या टोपणनांवानें सनसनाटी कादंबऱ्या लिहिणारे लालमोहनबाबू भेटतात. उंट पोटांत पाणी सांठवितो असें त्यांनीं बेधडक छापलेलें असतें. फेलूदा त्यांची चूक दुरुस्त करितो. आपल्याही कांहीं लेखकांस असा एखादा फेलूदा भेटावयास हवा होता ! या कथा मराठींत आलेल्या आहेत.

आठवी-नववींत शेरलॉक होम्सकडे वळावें. आर्थर कॉनन डॉइल यांनीं १८८७ सालीं त्यास प्रथम जगापुढें आणिलें. दीर्घ कादंबऱ्यांपेक्षां १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकांत आलेल्या लघुकथा आधीं वाचाव्या, आणि त्यांतही 'द ब्ल्यू कार्बंकल' ही नाताळच्या दिवसांतली कथा पहिली. एका हॉटेलांतून अमूल्य रत्न नाहींसें होतें. त्याच दिवशीं तेथें दुरुस्तीस आलेल्या एका कारागिरास पोलीस धरतात. कारण पूर्वीं त्यास चोरीबद्दल शिक्षा झालेली असते. प्रकरण जणूं संपलेंच ! इतक्यांत होम्सपाशीं एक जुनी टोपी आणि एक मारलेला हंस येतो, आणि खरी कथा सुरू होते. शेवटीं होम्स जो निर्णय घेतो तो कायद्यास धरून नाहीं. तो योग्य कीं अयोग्य, यावर वर्गांत वादविवाद ठेविल्यास तास अपुरा पडेल.

होम्सच्या जनकाची एक सत्यकथा येथें सांगितली पाहिजे, कारण तिचा धागा मुंबईपर्यंत पोंचतो. शापुरजी एदलजी हे मुंबईचे पारशी. त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पुढें ते इंग्लंडांत गेले, आणि १८७६ पासून स्टॅफर्डशर परगण्यांतील ग्रेट वर्ली गांवीं चर्चचे धर्मोपदेशक झाले. त्यांचा थोरला मुलगा जॉर्ज वकील झाला; आगगाडीच्या प्रवाशांचे हक्क समजावून देणारें एक लहानसें पुस्तकही त्यानें लिहिलें होतें. परंतु गांवांत हें कुटुंब परकेंच राहिलें. त्यांस निनावी पत्रांचा जाच वर्षानुवर्षें सोसावा लागला. १९०३ सालीं त्या भागांत रात्रीच्या वेळीं कोणी गुराढोरांचीं व घोड्यांचीं पोटें फाडूं लागलें. निनावी पत्रांत जॉर्जचें नांव आलें. एके सकाळीं खाणीवरचें एक तट्टू जखमी सांपडलें आणि पोलिसांनीं त्याच दिवशीं जॉर्जला पकडलें. मुलगा रात्रभर माझ्याच खोलींत निजला होता, असें वडिलांनीं शपथेवर सांगितलें. पण तें कोणी मानलें नाहीं. सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. तो कोठडींत असतांनाही जनावरांवरचे हल्ले चालूच राहिले, तरी कोणास शंका आली नाहीं !

तीन वर्षांनंतर, १९०६ सालीं, त्यास कारण न सांगतां सोडून देण्यांत आलें. निर्दोषी मात्र ठरविलें नाहीं, त्यामुळें वकिली गेली ती गेलीच. त्यानें कॉनन डॉइलना लिहिलें. लंडनच्या एका हॉटेलांत भेट ठरली. डॉइलना पोंचावयास उशीर झाला, आणि त्यांनीं दुरून पाहिलें तों एक तरुण वर्तमानपत्र अगदीं डोळ्यांशीं धरून, किंचित् तिरकें करून वाचीत बसला आहे. डॉइल हे मूळचे डॉक्टर; नेत्ररोगांचाही त्यांनीं अभ्यास केलेला. ज्यास समोरचें अक्षर दिसत नाहीं, तो पावसाळी काळोख्या रात्रीं रूळ आणि कुंपणें ओलांडून, पोलिसांचा पहारा चुकवून, शेतांतल्या तट्टापर्यंत जाईल कसा ? पुढें त्यांनीं पुराव्याचा एकेक दोरा उसवून पाहिला. जॉर्जच्या कोटावर तट्टाचे केस सांपडले, हा मोठा पुरावा. पण कोट आणि तट्टाच्या कातड्याचा तुकडा तपासणीसाठीं एकत्रच नेले गेले होते, हें डॉइलनीं दाखविलें. १९०७ च्या जानेवारींत त्यांनीं हें सर्व 'डेली टेलिग्राफ' पत्रांत छापलें. त्याच वर्षीं सरकारनें जॉर्जला माफी दिली, वकिलीही परत मिळाली. भरपाई म्हणून मात्र एक पैही मिळाली नाहीं. इंग्लंडांत फौजदारी अपिलाचें न्यायालय १९०७ सालीं स्थापन झालें, त्यास जीं प्रकरणें कारण झालीं त्यांत हें एक होय. मोठ्या विद्यार्थ्यांस ही हकीकत ज्यूलियन बार्न्स यांच्या 'आर्थर अँड जॉर्ज' या २००५ सालच्या कादंबरींत विस्तारानें वाचावयास मिळेल. होम्सच्या कथा वाचून पोरें बिघडतात असें म्हणणाऱ्यांनीं या मुंबईकर घराण्याची आठवण ठेवावी.

जी. के. चेस्टरटन यांचे फादर ब्राउन हे होम्सहून अगदीं निराळे. १९११ सालीं त्यांच्या कथांचें पहिलें पुस्तक निघालें. हे ठेंगणे, गबाळे, छत्री विसरणारे धर्मगुरु पावलांचे ठसे मोजीत बसत नाहींत. पापनिवेदन ऐकतां ऐकतां मनुष्याच्या मनाचे कोनेकोपरे त्यांस ठाऊक झालेले असतात. चोरास तुरुंगांत धाडण्यापेक्षां त्याचें मन वळविण्यांत त्यांस गोडी अधिक. फ्लॅम्बो या अट्टल चोराचें पुढें काय होतें, तें अवश्य पाहावें. भाषा जड आहे. दहावीपूर्वीं नेटानेंच वाचावी लागेल.

अगाथा क्रिस्तींच्या कादंबऱ्या बहुधा विद्यार्थ्यांनीं आधींच शोधिलेल्या असतात. पहिल्या महायुद्धांत त्या इस्पितळाच्या औषधालयांत काम करीत होत्या. विषांची माहिती तेथली. बर्फांत अडकलेल्या गाडीची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' प्रथम घेण्यास उत्तम. खून आहे, पण रक्ताचा चिखल नाहीं. उलट, ज्या पुस्तकांत क्रौर्याचेंच वर्णन चवीनें केलेलें असतें, त्यांत रहस्य बहुधा पोकळ असतें. तीं पालकांनीं खुशाल बाजूस ठेवावीं. मात्र तीं काढून घेतांना हातीं दुसरें पुस्तक द्यावें, आणि अर्धें वाचून झाल्यावर "तुझा संशय कोणावर, आणि कां ?" असें मुलास विचारावें. त्या 'कां'चें उत्तर देतांना भल्याभल्यांची तारांबळ उडते.

उन्हाळ्याच्या सुटीसाठीं विल्की कॉलिन्स यांची १८६८ सालची 'द मूनस्टोन' राखून ठेवावी. श्रीरंगपट्टण १७९९ मध्यें पडलें तेव्हां लुटलेला एक हिरा इंग्लंडांतील एका मुलीस अठराव्या वाढदिवशीं मिळतो आणि त्याच रात्रीं नाहींसा होतो. संशय कोणावर ? हिऱ्याच्या मागावर आलेल्या तीन हिंदी ब्राह्मणांवर, आणि पूर्वीं चोरी केलेल्या एका मोलकरणीवर. ग्रंथ जाड आहे, पण वृद्ध बटलर बेटरेज इतका गोड बोलतो कीं पानें सरतात. क्रिस्तींची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' मात्र त्यांच्या दोन-तीन कादंबऱ्या वाचून झाल्यावरच घ्यावी. प्रस्तावना वाचूं नये, आणि ज्यानें ती आधीं वाचली आहे अशा मित्राच्या शेजारीं, पुस्तक संपेपर्यंत, बसूं नये.