ओलीं लांकडें आणि तीन दगड

मराठी भाषेनें चुलीची जितकी थट्टा केली आहे तितकी घरांतील दुसऱ्या वस्तूची क्वचितच केली असेल. ‘घरोघरीं मातीच्या चुली’ असें म्हणून आपण स्वतःच्या घरच्या भांडणांचें समाधान करून घेतों. आणि स्वयंपाक बिघडला म्हणजे ‘नाचतां येईना अंगण वांकडें, रांधतां येईना ओलीं लांकडें’ ही म्हण जिभेवर तयारच असते. तरी पण घरांतील सारवलेल्या चुलीला सणावारीं हळदकुंकवाचा मान मिळतो. परसांत, शेताच्या बांधावर किंवा वनभोजनाच्या जागीं तीन दगड मांडून जी चूल केली जाते, तिच्या वांट्याला मात्र केवळ विनोद येतो. कोणी वहीच्या पुठ्ठ्यानें वारा घालतो. कोणी गाल फुगवून फुंकतो व राखेनें पिकलेल्या मिशा घेऊन उठतो. धूर ज्याच्या तोंडावर येतो तो जागा बदलतो, मागोमाग धूरही जागा बदलतो, आणि मंडळी म्हणतात, ‘याचें मागल्या जन्मींचें देणें राहिलेलें दिसतें!’

विद्यार्थिमित्रहो, या विनोदांच्या पोटीं पदार्थविज्ञानाचे कांहीं धडे दडलेले आहेत. ते उकलून पाहिले म्हणजे थट्टा कोणाची व्हावयास हवी होती आणि होत आली कोणाची, हेंही ध्यानांत येतें.

प्रथम तो पाठलाग करणारा धूर घेऊं. जाळावरची हवा तापून हलकी होते व वर चढते. तिची जागा घेण्यास चोहोंकडून थंड हवा धांवते. माणूस जाळाजवळ बसला म्हणजे एका बाजूची वाट त्याच्या अंगानें अडते. उरलेल्या बाजूंनीं येणारी हवा मग धुराला त्याच्याकडेच लोटते. तेव्हां देणें मागल्या जन्मींचें नसून याच जन्मींच्या देहाच्या रुंदीचें आहे.

दगड तीनच कां, याचें उत्तर भूमितींत आहे. कोणतेही तीन बिंदू एका प्रतलांत येतातच. चौथा येईल याची खात्री नसते. म्हणून चार पायांचें टेबल डुगडुगतें, पण वांकड्यातिकड्या जमिनीवर मांडलेल्या तीन दगडांवर भांडें स्थिर बसतें. ज्या कोणी ही युक्ति प्रथम काढली त्याला हंसण्याचें आपल्याला कारण नाहीं.

आतां मुख्य प्रश्न ओल्या लांकडांचा. लांकूड जळतें असें आपण म्हणतों. परंतु ज्वाला दिसते ती लांकडाची नव्हे, तर तापलेल्या लांकडांतून निघणाऱ्या वायूंची. हे वायु पेटण्यास पुरेशी उष्णता आणि पुरेशी हवा, दोन्ही लागतात. यांतील एक जरी उणें पडलें तरी ते न जळतां निसटतात, आणि त्यांनाच आपण धूर म्हणतों. सारांश, धूर म्हणजे वायां गेलेलें सरपण.

नुकत्याच तोडलेल्या लांकडांत सुमारें निम्में वजन पाण्याचें असूं शकतें. असें एक किलो लांकूड चुलींत घातलें तर आधीं अर्धा किलो पाणी तापवून त्याची वाफ करावी लागते. त्यासाठीं सुमारें ३०८ किलोकॅलरी उष्णता खर्च होते. म्हणजे उरलेल्या अर्ध्या किलो कोरड्या लांकडापासून मिळणाऱ्या उष्णतेचा जवळजवळ सातवा हिस्सा. पण हा तोटा लहानच म्हणावयाचा. मोठा तोटा हा कीं, त्या वाफेनें जाळ निवतो, वायु पेटत नाहींत आणि घर धुरानें भरतें. म्हणींतील रांधणारी बाई खरें तेंच सांगत होती. ती सबब नव्हती. म्हण रचणारा पाटावर बसून जेवणारा असावा, चुलीपुढें बसणारा खास नसावा!

वाळलेल्या लांकडानेंही उघड्या चुलीवर फारसें साधत नाहीं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत नेण्यास ७५ किलोकॅलरी लागतात. हवेंत वाळलेल्या एक किलो लांकडांत सुमारें ३७५० किलोकॅलरी असतात. म्हणजे हिशेबानें एका किलोंत ५० लिटर पाण्याला आधण यावें. तीन दगडांची चूल यांतील साधारण १० ते १५ टक्केच भांड्यापर्यंत पोंचविते, म्हणून प्रत्यक्षांत ५ ते ७ लिटर पाणी उकळतें. बाकीची उष्णता दगडांच्या फटींतून वाऱ्याला जाते.

सहलींत तासभर डोळे चोळणाऱ्याला यावर विनोद सुचतो. रोज दोन्ही वेळां त्याच धुरांत बसणाऱ्या बाईला, आणि तिच्या पाठीशीं झोंपविलेल्या मुलाला, तो सुचण्याचें कारण नाहीं. घरांतील धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें मृत्यु पावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

उपाय झाले नाहींत असें नाहीं. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनीं १९५३ सालीं पुस्तिका लिहून धुराडें असलेल्या मातीच्या चुलीचा पुरस्कार केला. १९८३ सालीं सरकारनें सुधारलेल्या चुलींची राष्ट्रीय योजना काढली. ती २००२ पर्यंत चालली. पुष्कळ चुली कालांतरानें मोडल्या, धुराडीं काजळीनें तुंबलीं, व घरोघरीं पुनः जुनाच थाट सुरू झाला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेंतून गॅसची जोडणी अनेक घरांत पोंचली. तरी सिलिंडर भरून आणण्यास पैसे नसतात तेथें परसांतली चूल आजही पेटते.

या तीन दगडांची एक धाकटी बहीण अमेरिकेंत जन्मली. ओरेगॉन राज्यांतील अप्रोव्हेचो या संस्थेंत लॅरी विनिआर्स्की यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ‘रॉकेट स्टोव्ह’ सिद्ध केला. नांव आकाशांत उडण्याचें, आणि रूप पाहावें तर तेलाच्या दोन डब्यांचें! एका डब्यांत दुसरा बसवून मधल्या जागेंत राख भरतात, कारण राखेंतून उष्णता सहज बाहेर जात नाहीं. आंतील मार्ग कोपरासारखा वळलेला असतो: आडव्या तोंडांतून लांकूड जातें, उभ्या नळींतून जाळ वर चढतो. आडव्या तोंडांत पत्र्याची एक पट्टी असते. तिच्यावर लांकूड आणि तिच्याखालून हवा. कोंडलेल्या उष्णतेमुळें वायु नळींतच पेटतात, आणि म्हणून धूर पुष्कळ कमी होतो.

डबे नसले तरी विटा रचून हीच रचना परसांत करतां येते. सरपण वाळलेलें व बारीक चिरलेलें असावें. टोंक जळेल तसतसें तें पुढें सरकवावें. तोंड लांकडांनीं कोंबूं नये, नाहीं तर हवेची वाट बुजते. भांड्याभोंवतीं बोटभर फट ठेवून पत्र्याचें कडें उभें केलें तर आणखी सरपण वांचतें. या चुलीला धुराडें नसल्यामुळें ती उघड्यावरच पेटवावी. बंद खोलींत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सांचतो, आणि त्याला वासही नसतो.