नवा सस्पेन्शन फोर्क, जुने कँटिलिव्हर ब्रेक

प्रश्न : माझ्या जुन्या 26 इंची माउंटन बाइकला सस्पेन्शन फोर्क बसवायचा आहे. पुढचे कँटिलिव्हर ब्रेक तेच ठेवता येतील का?

उत्तर : आधी फोर्क नीट पाहा. आजच्या बहुतेक फोर्कवर फक्त डिस्क ब्रेकची सोय असते. रिम ब्रेकचे खुंटच नसतात. ते असले तरी 26 इंची रिमसाठीच हवेत. 27.5 इंची रिमची त्रिज्या साडेबारा मिलिमीटरने जास्त, त्यामुळे ब्रेकची रबरं तुमच्या रिमवर नीट बसणार नाहीत.

खरी अडचण वायरची आहे. कँटिलिव्हरला वायरचं आवरण अडवणारा टेकू वर लागतो. तुमच्या सायकलवर तो हँडलखाली, हेडसेटपाशी असेल. तो तिथेच ठेवू नका, हे मी कळकळीने सांगतो. खड्ड्यात फोर्क दबला की खुंट टेकूच्या जवळ येतात, वायर सैल पडते आणि नेमका तेव्हाच ब्रेक सुटतो. टेकू फोर्कच्या खालच्या, हलणाऱ्या भागाच्या कमानीवरच हवा. जुन्या फोर्कना तो असे, नव्यांना क्वचितच. कमानीला भोक पाडून तो बसवू नका. कमान कमकुवत होते.

माझा सल्ला, खुंट असतील तर व्ही-ब्रेक घ्या. शिमानोने ते 1996च्या सुमारास आणले. त्यात आवरण थेट ब्रेकच्या बाहूवर टेकतं, वेगळा टेकू लागत नाही. मात्र पुढची लिव्हरही बदला. व्ही-ब्रेकला साधारण दुप्पट वायर ओढावी लागते. जुन्या लिव्हरने रबरं रिमला टेकण्याआधीच मूठ हँडलला लागू शकते. मागचा कँटिलिव्हर जुन्या लिव्हरसह राहू द्या.