‘सेंड’ दाबलं, पण मेल पोचला का?

ताईंनो, ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरवरून आता बरीच कामं मेलने होतात. बँकेने मागितलेले कागद, प्रदर्शनासाठी नाचणीच्या पापडांचे फोटो, महिन्याचा अहवाल. वरंधहून महाडला एक कागद द्यायला जायचं तर दिवस जातो, त्यात पाऊस असेल तर विचारूच नका. म्हणून मेल सोयीचा. पण ‘सेंड’ दाबलं की काम झालं असं आपण धरून चालतो, आणि शेवटची तारीख उलटल्यावर समोरून फोन येतो, “तुमचं तर काहीच आलं नाही.”

मेल तीन टप्प्यांनी जातो. आधी आपल्या कॉम्प्युटरमधून निघतो, मग आपलं खातं जिथे आहे त्या सर्व्हरवर जातो, तिथून समोरच्याच्या सर्व्हरवर. कुठे अडकला ते कळलं की अर्धं काम झालं.

सगळ्यात आधी ‘सेंट’ आणि ‘आउटबॉक्स’ हे दोन कप्पे बघा. मेल ‘आउटबॉक्स’मध्ये पडून असेल तर तो आपल्या ऑफिसातून बाहेरच पडलेला नाही. बहुतेक वेळा नेट गेलेलं असतं, किंवा चुकून ‘वर्क ऑफलाइन’ चालू झालेलं असतं. ते बंद करायचं आणि थंडरबर्डमध्ये फाइल मेनूतून ‘सेंड अनसेंट मेसेजेस’ दाबायचं. आउटलुक असेल तर ‘सेंड-रिसीव्ह’.

जुन्या कॉम्प्युटरची एक गंमत सांगते. आतला गोल बटणासारखा सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख मागे जाते, कधी कधी पार काही वर्षं मागे. मग सर्व्हरची सुरक्षेची तपासणी जुळत नाही आणि मेल जात नाही, वेबसाइटसुद्धा नीट उघडत नाहीत. म्हणून खालच्या कोपऱ्यातली तारीख बघून घ्या. सेल स्वस्तात मिळतो, उगाच कॉम्प्युटर दुरुस्तीला पाठवू नका.

आता नेहमीचा प्रश्न. “आलेले मेल दिसतात, मग आपले का जात नाहीत?” कारण येण्याचा आणि जाण्याचा दरवाजा वेगळा असतो. जाणाऱ्या दरवाज्याला एसएमटीपी म्हणतात आणि त्याची सेटिंग वेगळी भरावी लागते. जीमेलसाठी पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस, नाहीतर ४६५ आणि एसएसएल. कोणी जुन्या सवयीने २५ टाकून ठेवलं असेल तर बदला, बरेच नेटवाले ते बंद ठेवतात.

दरवाजा बरोबर असूनही ‘पासवर्ड चुकीचा’ किंवा ५३५ असा आकडा आला तर? फोनवर पासवर्ड बदलला आणि कॉम्प्युटरला जुनाच माहीत आहे, असं पुष्कळदा होतं. दुसरं कारण गुगलचं. ३० मे २०२२ पासून गुगलने साध्या खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्राममध्ये नुसतं नाव आणि पासवर्ड घालून आत येणं बंद केलं. थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये ‘ओऑथ २’ निवडलं की गुगलचीच खिडकी उघडते, तिथे पासवर्ड टाकायचा. प्रोग्राम फार जुना असेल तर गुगलच्या खात्यातून १६ अक्षरांचा ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढावा लागतो. त्यासाठी दोन टप्प्यांची पडताळणी आधी चालू लागते, म्हणजे फोनवर कोड येतो.

आणि खरी अडचण इथेच आहे. तो कोड कोणाच्या फोनवर येतो? खातं काढताना माजी सचिवताईंचा नंबर दिलेला असतो, नाहीतर कुणाच्या तरी भाच्याचा, जो आता मुंबईला कामाला आहे. पदाधिकारी बदलले, चेकबुक दिलं, शिक्का दिला, मेल मात्र जुन्याच नंबरवर राहिला. माझं स्पष्ट मत आहे की मेल खातं हे ग्रामसंघाचं दप्तर आहे. नवीन कार्यकारिणी बसली की ठराव करून नंबर बदला, दुसऱ्या एका पदाधिकारी ताईंचा नंबर जोडीला ठेवा, आणि पासवर्ड कुलपातल्या वहीत लिहा. भिंतीवर चिकटवू नका!

मेल ‘सेंट’मध्ये दिसतोय, पण थोड्या वेळाने ‘मेलर डीमन’ नावाने इंग्रजी मेल आला, तर तो पुसून टाकू नका. ती आपल्याच मेलच्या परतीची चिठ्ठी असते. आतला तीन आकडी नंबर शोधा. ४ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ५ने सुरू असेल तर मेल पोचणार नाही, आपल्यालाच काहीतरी बदलावं लागेल. ५५० बहुतेक वेळा पत्ता चुकल्यावर येतो. फोनवर ऐकून लिहिताना शून्य आणि ओ, एक आणि एल यांची गल्लत होते, ‘डॉट कॉम’च्या जागी ‘डॉट को डॉट इन’ पडतं, शेवटी रिकामी जागा राहते. पण चुकीचा पत्ता खरोखर दुसऱ्या कोणाचा असेल तर चिठ्ठी परत येतच नाही, आणि आपल्या बायकांचे आधार-पासबुक अनोळखी माणसाच्या हातात पडतात. म्हणून पहिल्यांदा पाठवताना नुसता ‘नमस्कार, पोचला का?’ एवढाच मेल पाठवा. उत्तर आलं की कागद जोडा.

फोटोंमुळेही मेल परत येतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण जोडलेली फाइल वाटेत साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या आतच ठेवा. मोबाइलचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो. फोटो लहान करा, नाहीतर दोन-तीन मेलमध्ये वाटून पाठवा. गुगलची फुकट १५ जीबी जागा फोटो आणि मेल मिळून असते. ती भरली की मेल जात नाही आणि येतही नाही.

एवढं करूनही अडलं तर मला किंवा आपल्या सीआरपी ताईंना फोन करण्याआधी पडद्यावरच्या सूचनेचा फोटो काढा. “काहीतरी लाल लाल आलं होतं” एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. आणि तारीख जवळ असेल तर मेलवर विसंबू नका, त्या ऑफिसला फोन करून पोचला का विचारा आणि फोन कोणी घेतला त्यांचं नाव वहीत लिहून ठेवा.