मांजराच्या पिलांमधील दुभंगलेली टाळू : शस्त्रक्रिया व संगोपन

नवजात पिलू दूध पीत असताना नाकावाटे दूध बाहेर येऊ लागले, ते वारंवार ठसकू लागले आणि त्याचे वजन वाढेनासे झाले, तर त्याचे तोंड उघडून टाळू तपासणे आवश्यक असते. टाळूच्या मध्यरेषेवर फट आढळल्यास ते जन्मजात व्यंग होय. केवळ ओठ दुभंगलेला असेल तर पिलू बहुधा तग धरते. टाळूची फट मात्र त्याच्या जिवावर बेतते. टाळू म्हणजे तोंड व नाक यांमधील पडदा. तो अपुरा राहिल्यास पिलाला दूध नीट ओढता येत नाही आणि श्वासनलिकेत गेलेल्या दुधामुळे न्युमोनिया होतो.

कारणे

गर्भावस्थेत टाळूचे दोन भाग दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्यभागी जुळतात. ही जुळणी अपुरी राहिली की फट उरते. हा दोष आनुवंशिक असू शकतो. सयामी जातीत तो अधिक आढळतो. गाभण मांजरीला नायट्यावरील ग्रिसिओफुल्विन हे औषध दिल्यास किंवा तिच्या आहारात ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक झाल्यासही तो उद्भवू शकतो. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना अशा मांजरीला कोणतेही औषध देऊ नये.

प्रतीक्षेचा काळ

शस्त्रक्रिया साधारणतः पिलू ३ ते ४ महिन्यांचे झाल्यावर करण्यात येते. त्यापूर्वी ऊती फार नाजूक असतात, भूल देणे जोखमीचे असते आणि वरच्या जबड्याची वाढ खुंटण्याची भीती असते. तोपर्यंत पिलाला नळीवाटे थेट जठरात दूध द्यावे लागते. आरंभीच्या आठवड्यांत तर दर काही तासांनी, रात्रीसुद्धा. नळी चुकून श्वासनलिकेत गेल्यास पिलू दगावते. म्हणून ही कृती पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. शस्त्रक्रियेचे यश बव्हंशी या काळातील संगोपनावरच अवलंबून असते.

शस्त्रक्रिया

एका प्रचलित पद्धतीत फटीच्या एका बाजूचे आवरण हाडापासून सोडवून उलटविले जाते व दुसऱ्या बाजूच्या आवरणाखाली सरकवून टाके घालण्यात येतात. त्यामुळे टाक्यांची रेषा फटीवर न येता हाडाच्या आधारावर येते. आवरणाला रक्त पुरविणारी टाळूची धमनी जपणे आणि टाक्यांवर ताण येऊ न देणे, ही दोन पथ्ये शल्यचिकित्सकाला पाळावी लागतात. तोंड उघडे ठेवण्यासाठी स्प्रिंगचे साधन वापरू नये. जबडा सतत ताणलेला राहिल्यास मांजराच्या मेंदूचा व डोळ्यांचा रक्तपुरवठा कमी होऊन अंधत्व येऊ शकते. त्यानंतर काही आठवडे मऊ अन्न द्यावे व कठीण वस्तू चावू देऊ नयेत. टाके उसवल्यास दुसरी शस्त्रक्रिया लगेच न करता ऊती भरून येईपर्यंत थांबावे लागते.

पालकाची जबाबदारी

ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्याच्या स्वास्थ्याची वाजवी काळजी घ्यावी व त्याला अनावश्यक वेदना होऊ देऊ नयेत, असे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो. व्यंग असलेले पिलू उकिरड्यावर टाकणे हा त्यावरील उपाय नव्हे. संगोपन खरोखरच अशक्य असेल, तर त्याला वेदनारहित मृत्यू द्यावा किंवा कसे, याचा निर्णय पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्यावा. वाचलेल्या मांजराचे निर्बीजीकरण करून घ्यावे, म्हणजे हा दोष पुढील पिढीत उतरणार नाही.