सगळे दिव्याकडे, विमानाकडे कुणीच नाही

चि. सोन्यास,


माझा दादा एकटाच एसटीने मिरजेला काचबिंदूसाठी डोळे दाखवायला गेला आणि येताना स्टँडवर पायरी चुकून पडला, असं शेजारच्या काकू सांगून गेल्या. त्याने तुला फोन केला, तर तू ‘रिलीज आहे, नंतर बोलतो’ म्हणालास म्हणे. तेव्हापासून तुझ्या आत्याच्या जिवाला चैन नाही. काचबिंदूने आजोबांचं काय केलं, ते आपल्या घरात कुणाला सांगायला नको.

यावरून एक विमान अपघात आठवला. २९ डिसेंबर १९७२ ची रात्र. न्यूयॉर्कहून निघालेलं ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान मायामीत उतरणार होतं. पुढचं चाक खाली आल्याचा हिरवा दिवा लागेना, म्हणून वैमानिकांनी विमान दोन हजार फुटांवर ऑटोपायलटवर सोपवलं आणि सगळे त्या दिव्यामागे लागले. मधेच ऑटोपायलटने उंची सोडली. इशारा वाजला, तोही कुणाच्या ध्यानात आला नाही. विमान दलदलीत कोसळलं आणि १०१ माणसं गेली. चौकशीत कळलं, चाक खाली आलेलंच होतं. फक्त बल्ब गेले होते.

माणसं हुशार, अनुभवी होती. कामही खोटं नव्हतं. तुझंही नाही. पण दादाची उंची कोण बघतंय?

काचबिंदू सहसा दुखत नाही, हाच त्याचा दगा. बहुधा आधी कडेची नजर जाते, आणि गेलेली परत येत नाही. वेळेवर थेंब घातले तर उरलेली राखता येते. म्हणून ‘नंतर’ नको.

बी.एड.च्या परीक्षेपायी आत्याने आजोबांची तपासणी ‘पुढच्या महिन्यात’ म्हणून ढकलली होती. पुढे आजोबा तिला पावलांच्या आवाजावरून ओळखायला लागले. परीक्षेत किती गुण पडले, ते आज तिला आठवतही नाही.

फार बोलली का रे आत्या? रात्र रात्र जागून घराचे हप्ते तूच फेडतोस, हे तिला दिसतं. दादा तर तुझं नाव निघालं की अजून ताठ बसतो. पुढच्या तपासणीला तू बरोबर असलास, तर तो डॉक्टरांना सगळं खरं सांगेल. एकटा गेला की ‘बरं आहे’ म्हणून परत येतो.

आणि हा आजार रक्तात उतरू शकतो, तेव्हा त्याच दिवशी तुझेही डोळे तपासून घेऊ. नाहीच निघता आलं, तर दादाला आत्या घेऊन जाईल, तू घोर लावून घेऊ नकोस. पण रात्री त्याला फोन कर, आणि वेळेवर जेवत जा, बाळा.

तुझी,
आत्या