बसमध्ये मार लागला तर

नागपूरहून पुण्याला निघालेली एक खाजगी बस १ जुलै २०२३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, सिंदखेडराजाजवळ पेटली. २५ जीव गेले. अशा अपघातात जखमींचे कोण पाहणार?

१९८८ चा मोटार वाहन कायदा आहे. चालकाने जखमीला दवाखान्यात पोचवावे, पोलिसांना कळवावे. चालकाची चूक ठरली तर भरपाई मालकाने द्यायची. विमा असला तर विमा कंपनीने.

तिकीट आणि दवाखान्याची कागदं जपून ठेवा. चार पैसे पुढे करून कोणी कोऱ्या कागदावर अंगठा मागेल. देऊ नका. आम्ही असे अंगठे पाहिले आहेत. आता तर तुम्हाला वाचता येते की!

दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करायचा. आपण राहतो तिथेही तो चालतो. प्रताप नगरच्या माणसाने बुलढाण्याला खेटे घालायला नकोत. मात्र अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज द्यावा.